लाकडी घाण्याचे करडई तेल: ‘मेंदूसाठी उत्तम’ हा दावा कितपत खरा?

वर्धा जिल्ह्यातील आमच्या भागात एका महिला बचत गटाने लाकडी घाणा सुरू केला आहे. तेथे करडई, शेंगदाणा, तीळ आणि जवस अशी चार तेले मिळतात. आम्ही घरी करडईचे आणि जवसाचे तेल नियमित वापरत असल्यामुळे हे परीक्षण त्या दोन तेलांपुरतेच आहे. चारही बाटल्यांवर ‘ई जीवनसत्त्वयुक्त, मेंदूसाठी उत्तम’ अशी एकच ओळ छापलेली आहे आणि तिच्याविषयीच मला अधिक लिहायचे आहे.

आधी तेलाविषयी. करडईचे तेल फिकट सोनेरी आणि वासाला सौम्य आहे. ते चांगले निवळलेले असते, तळाशी गाद क्वचितच दिसते. गोळाभातावर ओतायच्या हिंग-मोहरीच्या फोडणीला आणि झुणका-भाकरीवरच्या कच्च्या धारेला ते फार शोभते. किंमत दुकानातील रिफाइंड तेलाच्या जवळपास दुप्पट आहे, पण करडई डोळ्यांसमोर घाण्यात पडते आणि ढेपही (तेल काढून उरलेली पेंड) तेथेच विकत मिळते. ज्या वर्ध्यात १९३४ साली मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला, त्या जिल्ह्यात घाणा पुन्हा फिरताना पाहून मनापासून आनंद होतो.

आता लेबलाकडे वळू. ई जीवनसत्त्व हा एकच पदार्थ नसून त्याची आठ रूपे आहेत, चार टोकोफेरॉल आणि चार टोकोट्रायनॉल. आतड्यात ती सगळी स्निग्धांशाबरोबर पित्ताच्या साहाय्याने शोषली जातात आणि यकृतापर्यंत पोहोचतात, परंतु जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहून माल वेगळा काढावा तसे यकृतातील एक विशिष्ट प्रथिन त्यांतून मुख्यतः अल्फा टोकोफेरॉलच उचलते आणि रक्तात पाठवते. उरलेल्या रूपांचा बराचसा भाग शरीर मोडून बाहेर टाकते. करडईच्या १०० ग्रॅम तेलात हे अल्फा रूप सुमारे ३४ मिलिग्रॅम असते. प्रौढ माणसाची रोजची गरज अमेरिकी मानकानुसार १५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे एका मोठ्या चमचाभर तेलातून तिचा जवळपास तिसरा हिस्सा भागतो. जवसाच्या तेलातील ई जीवनसत्त्व मात्र जवळजवळ सगळे गॅमा रूपातले असते. जवसाचे महत्त्व त्यातील ओमेगा-३ मेदाम्लामुळे आहे आणि ते पुरेसे मोठे आहे, तेव्हा त्याच्या बाटलीवर करडईचा गुण छापण्याची काहीही गरज नाही.

रक्तात हे जीवनसत्त्व सुटे फिरत नाही, ते मेद वाहून नेणाऱ्या कणांमध्ये बसून प्रवास करते. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातील बहुतेक पदार्थांना आत वाट मिळत नाही. त्या पेशींवरील ग्राहक प्रथिने (ठरावीक पदार्थ पकडून घेणारी प्रथिने) मुख्यतः एचडीएल या प्रकारच्या मेदवाहक कणांतून अल्फा टोकोफेरॉल काढून आत घेतात. आत त्याचे काम मोठे आहे. शरीराच्या वजनाच्या अवघा २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो आणि त्याच्या पेशींच्या आवरणांत सहज ऑक्सिडीकरण होणारी मेदाम्ले ठासून भरलेली असतात. एका मेदाम्लाचे ऑक्सिडीकरण सुरू झाले की शेजारच्यांचीही साखळी लागते. अल्फा टोकोफेरॉल स्वतःचा हायड्रोजन अणू देऊन ती साखळी तोडते आणि क जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामाजोगे करते. म्हणून ताटात तेलाबरोबर लिंबाची फोड, आवळा किंवा आपले संत्रेही हवे.

हे संरक्षण किती मोलाचे आहे, ते एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात दिसते. यकृतातील त्या प्रथिनाचे जनुक सदोष असलेल्या मुलांचा आहार उत्तम असला तरी त्यांचा तोल जाऊ लागतो, हातापायांवरचा ताबा सुटतो. त्यांना ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा आयुष्यभर द्यावी लागते, आणि ती वेळेवर सुरू झाली तर आजार थोपवता येतो.

मात्र घाण्यावरच्या ताई वयस्कर गिऱ्हाइकांना ‘विसरभोळेपणावर हे तेल घ्या’ असे सांगतात, ते त्यांनी थांबवावे असे मला कळकळीने वाटते. त्यांचा हेतू चांगला आहे, पण शास्त्राचा आधार तेवढा नाही. सौम्य स्मृतिदोष असलेल्या लोकांवरील २००५ च्या अभ्यासात ई जीवनसत्त्वाच्या रोजच्या मोठ्या मात्रेनेही तीन वर्षांत अल्झायमरकडे होणारी वाटचाल रोखली गेली नाही. २०१४ च्या दुसऱ्या अभ्यासात, अल्झायमर झालेल्या रुग्णांची दैनंदिन कामे करण्याची क्षमता थोडी हळू घटली, पण स्मरणशक्ती सुधारली नाही. आणि ती मात्राही तेलातून कधीच मिळणार नाही इतकी मोठी होती. विसरणे वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्यांनी ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल मनाने घेऊ नयेत, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो.

एक उणीव नोंदवतो. तेल पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून दारातल्या उन्हात मांडलेले असते, आणि उजेड व उष्णता या दोहोंनी ई जीवनसत्त्व नष्ट होते. घरचा स्टीलचा डबा नेल्यास घाण्यावरच्या ताई आनंदाने भरून देतात, म्हणून तोच न्यावा आणि महिनाभर पुरेल इतकेच तेल घ्यावे. करडईच्या तेलाला मी पाचपैकी साडेचार गुण देतो. जवसाचे तेल चटणीवर कच्चे घेण्यासाठी जरूर घ्यावे. त्याला चार गुण, आणि लेबल बदलले तर आणखी अर्धा.