व्हॉट्सॲप कम्युनिटी: सोसायटीची ॲडमिन म्हणून दोन वर्षं वापरून

पुण्यात आमची तीन विंगची सोसायटी आहे, पावणेदोनशेच्या आसपास फ्लॅट, आणि ग्रुपची ॲडमिन मी. आधी सगळ्यांचा मिळून एकच ग्रुप होता. टँकर कधी येणार, कुणाची गाडी व्हिजिटर पार्किंगमध्ये आडवी लावलीय, गुड मॉर्निंगची फुलं, मोदींवरचे फॉरवर्ड, पवारांवरचे फॉरवर्ड, आरक्षण, गच्चीवरचं लोणचं, सगळं त्यातच. २०२४ च्या लोकसभेला १३ मे ला आमच्याकडे मतदान होतं, त्याच्या आधीच्या आठवड्यात समोरासमोर राहणारी दोन घरं ग्रुपवर अशी भांडली की त्यांच्या मुलांचं एकत्र शाळेत जाणंसुद्धा बंद झालं. मग कमिटीने सांगितलं म्हणून मी फक्त ॲडमिनच मेसेज टाकतील असं सेटिंग केलं. शांतता झाली, पण दोनच दिवसांत बी विंगच्या लिफ्टमध्ये एक आजी अडकल्या आणि त्यांच्या सुनेला ग्रुपवर लिहिताच येईना, ती जिन्याने खाली पळत वॉचमनकडे आली. त्या दिवशी मला कळलं की सगळ्यांचं तोंड बंद करणं हा उपाय नाही. त्यानंतर आम्ही कम्युनिटी केली.

हे फीचर नोव्हेंबर २०२२ मध्ये आलंय. वर एक घोषणांचा ग्रुप असतो, त्यात सगळे आपोआप येतात आणि लिहितात फक्त ॲडमिन. त्याच्याखाली वेगवेगळे ग्रुप करता येतात. आमचे तीन विंगचे तीन, एक तक्रारींचा, एक देवघेव म्हणून (जुनी सायकल, मुलांची पुस्तकं वगैरे), एक प्राण्यांचा, आणि एक ज्याच्यावरून कमिटीत खूप वाद झाला तो, चर्चा. राजकारण, धर्म, जात, आरक्षण, जे बोलायचं ते तिकडे बोला, फक्त सोसायटीतल्या माणसाचं नाव घेऊन बोलायचं नाही. चेअरमनकाकांचं म्हणणं होतं की राजकारण सरळ बंदच करा, मी म्हटलं काका बंद केलं की ते परत विंगच्या ग्रुपमध्ये शिरणार, त्यापेक्षा त्याला त्याची खोली द्या आणि ज्याला जायचंय तो जाईल. आज त्यात चौतीस जण आहेत, बाकी कुणी आलंच नाही. आणि गंमत म्हणून नाही, खरंच सांगते, भांडणं निम्म्याने कमी झाली, कारण आधी पावणेदोनशे घरं वाचतायत म्हणून कुणी माघार घेत नव्हतं. आता दोघांनाही माहितीय की समोर तेच ते चौतीस लोक आहेत. ज्याला नको वाटतं तो गुपचूप बाहेर पडतो, ग्रुप सोडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, त्यामुळे अमका रागावून गेला याची चर्चासुद्धा होत नाही. या एका गोष्टीसाठी मी हे फीचर कुणालाही घ्यायला सांगेन.

आता डिलीटबद्दल. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, ही सोय २०२२ मध्ये आली. त्याच्या आधी काय होतं तर मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका केसमध्ये म्हटलं होतं की मेंबरने काही वाईट टाकलं म्हणून ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही, दोघांचा मिळून तसा हेतू होता हे दिसलं पाहिजे, कारण ॲडमिनच्या हातात माणसाला घेणं आणि काढणं एवढंच असतं. आता हातात थोडं जास्त आलंय, तर ते जपून वापरावं असं मला वाटतं. मेसेज काढला की तिथे कुठल्या ॲडमिनने काढला ते नावासकट दिसतं, आणि मला हे आवडतं. मी काढलाय तर लोकांना मला विचारता आलं पाहिजे. मी बहुतेक वेळा आधी फोन करते, काका तुम्हीच काढता का, आणि दहातले आठ जण स्वतः काढतात.

फक्त एका बाबतीत मी फोनबिन करत नाही. मुलं पळवणारी टोळी आलीय, हे फोटो बघा, सावध राहा, असला फॉरवर्ड आला की आधी काढते आणि मग बोलते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षुकी करून जगणाऱ्या पाच माणसांना असल्याच अफवेवरून जमावाने ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती, सोलापूरकडून पोटासाठी आलेली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणायचं जाहीर केलं. आमच्या ग्रुपवर गेल्या वर्षी तसलाच मेसेज आला, दुहेरी बाणवाला, म्हणजे खूप वेळा फॉरवर्ड झालेला, आणि खाली तीन जणांनी लगेच लिहिलं की काल गेटवर असाच एक माणूस दिसला होता. तो माणूस गाद्या पिंजणारा होता. माझे हात अजून थंड पडतात आठवलं की.

भटक्या कुत्र्यांचा वाद 'चर्चा' ग्रुपमध्ये टाकून भागलं नाही, तो रोजच्या जगण्याचा आहे. खाऊ घालणाऱ्या ताई एकीकडे आणि ज्यांच्या मुलाला चावलं ते दुसरीकडे, दोघंही खरे. तिथे पिन करायची, म्हणजे एखादा मेसेज ग्रुपमध्ये सगळ्यात वर लावून ठेवायची सोय कामी आली. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत स्पष्ट आहे की खाऊ घालायची जागा आणि वेळ ठरवून सोय करणं ही सोसायटीची जबाबदारी, आणि ती जागा जिने, प्रवेशद्वार, मुलं खेळतात तिथून लांब हवी. ते मराठीत चार ओळीत लिहून पिन केलं, पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहतो म्हणून मी महिन्याला परत करते. वाद संपला नाही, पण आता मागच्या गेटजवळची जागा की पंपरूममागची, यावर होतो.

आता खाजगीपणा, इथे नीट वाचा. घोषणांच्या ग्रुपमध्ये मेंबरला एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ॲडमिनला दिसतात, हे छान आहे. पण खालच्या ग्रुपात आलात की तिथल्या सगळ्यांना तुमचा नंबर दिसतो. सी विंगमध्ये भाड्याने राहणाऱ्या एका मुलीने देवघेवमध्ये टेबल विकायला टाकलं आणि त्या रात्रीपासून तिला एका मेंबरचे मेसेज सुरू झाले, जेवलीस का, डीपी छान आहे. ती तीन आठवडे गप्प राहिली कारण तो मालक आणि ती भाडेकरू. ॲडमिन म्हणून मला खाजगी मेसेज दिसत नाहीत आणि दिसूही नयेत, त्यामुळे तिने सांगितलं नसतं तर कळलंच नसतं. तिला विचारून, तिचं नाव कुठेही न घेता, त्या माणसाला सगळ्या कम्युनिटीतून एकदम काढलं. त्याला कमिटीची नोटीस आता कागदावर मिळते. तेव्हापासून नवीन कुणी आलं की मी स्वतः सेटिंग दाखवते: डीपी फक्त कॉन्टॅक्टसाठी, अनोळखी कॉल सायलेंट, ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं ते फक्त कॉन्टॅक्ट. आणि कुणी त्रास दिला तर नुसतं ब्लॉक नाही, रिपोर्टही करा, त्या माणसाने पाठवलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात.

कमी काय आहे तर एकाच मेंबरला थोडा वेळ गप्प करता येत नाही, एक तर सगळ्यांना बंद करा नाहीतर त्याला काढा. टेलिग्रामवर ते जमतं, दोन मेसेजच्या मध्ये थांबायला लावायची सोयही आहे, आणि चिडलेल्या माणसाला बऱ्याचदा तेवढीच पाच मिनिटं हवी असतात. पण आमच्या ज्येष्ठांना टेलिग्रामवर न्यायचं म्हणजे निम्मे लोक मागे राहणार, म्हणून गेलो नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. सुरू करणार असाल तर पहिल्याच दिवशी निदान तीन ॲडमिन करा, त्यात एक बाई आणि एक भाडेकरू हवाच, कमिटीतले सगळे नकोत. आमच्याकडे ती टेबलवाली मुलगी आता देवघेवची ॲडमिन आहे.