सिग्नल प्रोसेसिंग की कॉम्प्युटर ग्राफिक्स?

पोळ्याला गावी आलेल्या पुतणीनं विचारलं, "काकाजी, पीएचडी कशात करू?"

खर्चात सिग्नल प्रोसेसिंग (मोजलेल्या लहरींतून माहिती काढणं) हलकं: करंट सेन्सर आणि साधा लॅपटॉप. डेटा तर आपल्या विहिरीवरच आहे. कपाशीला पाणी देताना मोटरच्या रोटरची (फिरणाऱ्या भागाची) सळी तुटलेली असेल, तर करंटच्या वारंवारतेच्या आलेखात लाईनच्या 50 हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना बारीक शिखरं दिसतात. स्लिप, म्हणजे रोटर चुंबकीय क्षेत्राच्या वेगाच्या किती मागे पडतो ते, 4 टक्के असेल तर त्याच्या दुप्पट, म्हणजे 8 टक्के अंतरावर: 46 आणि 54 वर. ग्राफिक्सला (कॉम्प्युटरवर चित्रं तयार करायला) भारी जीपीयू, म्हणजे चित्रांची गणितं करणारी चिप, हवा. पाथ ट्रेसिंगमध्ये, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवताना, चित्रातला दाणेदारपणा निम्मा करायला किरणं चौपट सोडावी लागतात; मधेच लाईन गेली की रात्रभराचं काम वाया. गणित दोन्हीकडे सारखंच कठीण.

गावाशी जोडलेलं काम हवं असेल, तर सिग्नल घे. प्रकाश-सावलीचं वेड असेल आणि प्रयोगशाळेत मशीन हक्कानं मिळणार असेल, तरच ग्राफिक्स.