आजीच्या कपाटातली पैठणी

गेल्या मार्गशीर्षात मी ११,५०० रुपये मोजून इन्स्टाग्रामवरून एक जुनी पैठणी घेतली. ती जुनी नव्हती आणि पैठणीही नव्हती. पैसे परत मिळालेले नाहीत. माझ्यासारख्या जुन्या कपड्यांच्या वेड्या पोरी पुण्यात पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी जे घडलं ते सगळं लिहिते आहे.

तीन वर्षं मी जुने कपडे घेते आहे. सुरुवात जुन्या बाजारात झाली, मंगळवार पेठेतल्या, बुधवारी आणि रविवारी भरतो त्या. गेले होते पितळी डबा शोधायला. जमिनीवर टाकलेल्या ताडपत्रीवर कपड्यांचा ढीग होता आणि त्यात चौकड्यांचा एक पुरुषी शर्ट मिळाला. धुऊन धुऊन सुती कापड अगदी मऊ झालं होतं. ८० रुपये. तोवर दर महिन्याला एफसी रोडवरून काहीतरी घेऊन यायचे आणि दोनदा घालून कपाटात कोंबायचे. त्या शर्टात पहिल्यांदा वाटलं, ही मी आहे. मग हळूहळू कळत गेलं की मला खांद्यात सैल असलेलं शोभतं, विटकरी आणि मोरपंखी रंग शोभतात, चकचकीत काही शोभत नाही. आजी म्हणायची, "आम्ही जुने कपडे बोहारणीला देऊन भांडी घेतली, आणि तू पैसे देऊन घरी आणतेस!" पण शर्टाची काखेतली शिवण उसवली होती ती तिनेच घालून दिली.

बाजारात एक सवय लागली होती. कपडा उन्हाकडे धरायचा, विरलेलं लगेच दिसतं. कॉलर आणि काख उलटून पाहायची. शिवण दोन्ही हातांनी ताणायची. आवडलं नाही तर ठेवून द्यायचं, "बघा ताई, घाई नाही," असं विकणारेच सांगतात. फोनवर खरेदी करताना यातलं एकही मी केलं नाही.

आजी आषाढात गेली. तिची पैठणी रीतीप्रमाणे आत्याकडे गेली, त्याबद्दल तक्रार नाही, पण मला ती फार हवी होती. अशा दिवसांत ती पोस्ट समोर आली. लाकडी कपाटाचं उघडं दार, आत घडी घातलेली जांभळी पैठणी. खाली लिहिलेलं, "आजी गेली. तिची ५० वर्षांपूर्वीची येवल्याची पैठणी. मंगळागौरीला नेसायची. जपणाऱ्या हातांत जावी." वाचताना गळा दाटून आला. माझी फसवणूक तिथेच झाली, कापड नंतर आलं.

किंमत १४,००० होती, पंधरा मिनिटांत ११,५०० वर आली. मी म्हटलं, व्हिडिओ कॉलवर दाखवा. उत्तर आलं, घरात दुःख आहे, आत्ता नको. येऊन बघते म्हटलं तर त्या साताऱ्याला होत्या. पदराची मागची बाजू मागितली, तर पुन्हा घडीचाच फोटो. मग, "अजून दोघी विचारतायत, आत्ता पाठवलेत तर तुमच्यासाठी ठेवते." मी यूपीआयने सगळे पैसे एकदम पाठवले.

पार्सल आठवड्याने आलं. उघडताच डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी साडी छातीशी धरली. संध्याकाळी ती घेऊन नारायण पेठेत मावशीकडे गेले. तिने चष्मा लावला, पदर मांडीवर पसरला आणि एवढंच म्हणाली, "उलटी कर बरं."

मागच्या बाजूला मोरांच्या जागी धाग्यांचं जंजाळ होतं, कापून सोडलेली टोकं बोटांत अडकत होती. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत नक्षीचे धागे एकमेकांत गुंतवून विणतात, त्यामुळे पदर उलटसुलट जवळजवळ सारखाच दिसतो. मावशीने आपली पैठणी काढून शेजारी ठेवली. फरक सांगावा लागला नाही. तिच्या जरीवर काळपट झाक होती आणि घडीच्या रेघेवर रेशीम विरलं होतं. माझ्या साडीची जर टोकापासून टोकापर्यंत पिवळीधमक. शेवटी तिने दुसरं टोक उलगडलं. ब्लाउजपीस तसाच जोडलेला, कापलेलाच नव्हता. कडेला फॉल लावल्याची सुईची भोकंही नव्हती. वर्षानुवर्षं मंगळागौरीला नेसलेली साडी!

काठाचा एक धागा काढून आम्ही काडी लावली. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. माझा धागा वितळून आकसला, टोकाला टणक मणी झाला. पॉलिस्टर.

मी तिथूनच मेसेज केला. उत्तरादाखल सिल्क मार्कच्या, म्हणजे अस्सल रेशमाची खूण असलेल्या लेबलचा फोटो आला. सिल्क मार्क योजना २००४ साली सुरू झाली, मग पन्नास वर्षांपूर्वीच्या साडीला ते लेबल कुठून येणार? हे विचारल्यावर सूर एकदम नरमला. "ताई, रिफंड करते, हा क्यूआर स्कॅन करा." स्कॅन केल्यावर अ‍ॅपने पिन मागितला, तेव्हा मावशीने माझा हातच धरला. पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. दहा मिनिटांत मला ब्लॉक केलं.

मग मी एक चूक केली, तीन दिवस रडत बसले. १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच क्षणी फोन करायला हवा होता. पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तरच ते खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. चौथ्या दिवशी फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर स्क्रीनशॉटसह तक्रार नोंदवली, बँकेलाही कळवलं. तक्रार क्रमांक आहे, बाकी काही नाही. पार्सल उघडतानाचा व्हिडिओही मी काढला नव्हता. तो आता ८० रुपयांच्या शर्टाचासुद्धा काढते. जुनी साडी घेताना पदराच्या उलट्या बाजूचा व्हिडिओ मिळाल्याशिवाय एक रुपया पाठवत नाही. विकणारी पुण्यातली असेल तर समोर भेटून, दिवसाउजेडीच बघते.

गेल्या आठवड्यात तोच फोटो पुन्हा दिसला. तेच कपाट, तीच घडी, पेजचं नाव वेगळं, आजीऐवजी पणजी. किंमत १२,०००. खाली तिघींनी विचारलं होतं, "अजून आहे का?" मी तिघींनाही माझ्या साडीच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवले. दोघी थांबल्या. तिसरीचं उत्तर रात्री आलं, सकाळीच पैसे पाठवले होते. मी तिला लगेच १९३० लावायला सांगितलं.