मळ्यातल्या घराला बारा बोअर की बत्तीसचं रिव्हॉल्वर?

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ, हातकणंगले, कागलकडे मळ्यात वस्ती करून राहणाऱ्या, परवाना हातात असलेल्या किंवा अर्ज करायच्या विचारात असलेल्या घरांसाठी हे परीक्षण आहे. प्रश्न एवढाच, की रात्री कुणी दार फोडून आत आलं, तर घरात कोणतं हत्यार खरंच उपयोगी पडेल? निकाल आधीच सांगतो. चहूबाजूंनी ऊस आणि शेजार हाकेच्या पलीकडे, अशा घराला साधी दुनळी बारा बोअर, म्हणजे दोन नळ्यांची छऱ्याची बंदूक. कोल्हापूर शहरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत भिंतीला भिंत लागलेल्या घराला यातलं काहीच नको. तिथे तोच पैसा सागवानी दार, आतून आडणा, खिडक्यांना गज आणि अंगणात दिवा यांवर घालावा.

दुनळीचा पहिला गुण म्हणजे तिच्यात बिघडण्यासारखं फार कमी आहे. दोन नळ्या, दोन चाप, दोन स्वतंत्र कळा. एका नळीतलं काडतूस फुसकं निघालं तर दुसरी नळी हाताशी असते. वजन तीन किलोच्या आसपास, त्यामुळे धक्का सोसतो आणि खांद्याला लावली की नळी भरकटत नाही. अडचण लांबीची आहे. २८ ते ३० इंची नळी घेऊन जुन्या घराच्या बोळात किंवा माडीच्या जिन्यात वळता येत नाही, आणि कोपऱ्यावर नळीचं तोंड आधी पुढे जातं. समोरच्याने ते धरलं की संपलं. म्हणून दुनळी घेऊन घरभर चोर शोधत फिरायचं नसतं.

नव्यापेक्षा जुनीच दुनळी जास्त विकली जाते, आणि फसगतही तिथेच होते. विक्रेत्याकडे बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, पुढची लाकडी पकड काढा, नळ्या बंद करून दस्ता (मागचा लाकडी भाग) काखेत दाबा आणि नळ्या डावी-उजवीकडे हलवून पाहा. सांध्यात किंचितही खेळ जाणवला तर ती बंदूक सोडून द्या. मग नळ्या उजेडाकडे धरून आतून बघा. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे, आणि आतल्या गोल सावलीला मोड असेल तर नळीला पोचा आहे. चाप ओढून पाहायचा तर डमी काडतूस घालूनच. रिकाम्या नळीवर वारंवार चाप ओढला की फायरिंग पिनचं (काडतुसावर आपटणाऱ्या खिळीचं) टोक तुटू शकतं. बाहेर घोडे (चाप ओढला की ठोका देणारे हातोडे) असलेली बंदूक असेल तर घोडा अर्ध्यावर अडकवून अंगठ्याने हलकेच पुढे दाबा. खाच झिजलेली असेल तर तो सुटतो, आणि अशी बंदूक हातातून पडली तर आपोआप उडू शकते. बिनघोड्याच्या बंदुकीत वेगळी मेख आहे. ती मोडून उघडली की आतले घोडे आपोआप चढतात आणि बाहेरून काही कळत नाही. त्यामुळे बंद अवस्थेतली प्रत्येक बिनघोड्याची बंदूक चढलेलीच समजावी.

काडतुसाची लांबी हा विषय बरेच जण विचारतच नाहीत. जुन्या विलायती बंदुकांची खोली (चेंबर, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा) बहुधा ६५ मिलिमीटरची असते, तर बाजारात ७० ची काडतुसंही मिळतात. ७० चं काडतूस ६५ च्या खोलीत बसतं, बंदूक बंदही होते. धोका पुढे आहे. उडताना काडतुसाचं दुमडलेलं तोंड उलगडायला जागा मिळत नाही, ते नळीच्या निमुळत्या भागात शिरतं आणि दाब वाढतो. नळीच्या बुडाशी खोलीची लांबी आणि प्रूफचे (नळीच्या दाबाच्या चाचणीचे) शिक्के कोरलेले असतात. ते वाचता येत नसतील तर चांगल्या कारागिराकडून मोजून घ्यावी. खडकीच्या कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसं घेतानाही डब्यावरची लांबी आणि छऱ्याचा नंबर (म्हणजे आकार) दोन्ही पाहा.

छऱ्यांबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय, की बारा बोअर नुसती रोखली तरी लागते, नेम धरावा लागत नाही. चार-पाच मीटरवर, म्हणजे खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, छरा जेमतेम तळहाताएवढा पसरतो. नेम चुकला की सगळाच चुकला. एलजी, एसजी नंबरांचे मोठे छरे लाकडी दार, प्लायवूडचं पार्टिशन, पत्रा सहज पार करतात आणि पलीकडे झोपलेल्याला लागू शकतात. चार नंबरचा बारीक छरा आडोशातून कमी जातो, पण जवळून तोही जीव घेतो. अर्ध्या विटेच्या भिंतीवर भरवसा ठेवून कुणी दिशा ठरवू नये.

आता बत्तीसचं. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्वर सहा गोळ्यांचं, छोटं, कपाटात मावणारं. २०१४ मध्ये कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने टायटॅनियम मिश्रधातूचं, साधारण ५०० ग्रॅमचं ‘निर्भीक’ काढलं आणि किंमत लाखाच्या वर गेली. २०२३ मधलं ‘प्रबळ’ सुमारे ७०० ग्रॅमचं, ७६ मिलिमीटर नळीचं, आणि त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. आधीच्या बनावटीत नळी खाली मोडून भरावं लागायचं. वापराच्या सोयीने पाहिलं तर प्रबळ उजवं आहे. तरी घराच्या रक्षणासाठी .३२ ला आमचा कौल नाही. गोळी हलकी आणि मंद, नळी आखूड, आणि घोडा न चढवता चाप ओढायचा तर तो इतका जड, की सराव नसलेल्याचा नेम खाली-डावीकडे ओढला जातो. काळोखात, घाबरलेल्या हाताने सात-आठ मीटरवर चुकणं अगदी साहजिक आहे. सराव करावा तर परवान्यावरचा काडतुसांचा कोटा आणि गोळीचा भाव आडवा येतो. आखूड नळीचा आणखी धोका म्हणजे मनगट थोडं वळलं तरी तोंड घरच्यांकडे वळतं. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्वरमध्ये सावकाश उघडलं तर रिकामी पुंगळी (उडालेल्या काडतुसाचं कवच) एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चकतीच्या, चांदणीखाली अडकते. तोंड वर करून झटक्यात उघडावं लागतं.

पंप अ‍ॅक्शन (नळीखालची पकड मागे-पुढे ओढून काडतूस बदलणारी बंदूक) चांगली, पण सराव असलेल्यासाठी. घाबरलेला माणूस पंप पूर्ण मागे ओढत नाही, पुंगळी अर्धवट बाहेर येते आणि बंदूक अडकते. पन्हाळा, आजरा, चंदगडकडे शेतीसंरक्षणासाठी दिलेली ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक घराच्या रक्षणात धरूच नये. एकच बार, दमट दारू, आणि परवान्याचा हेतूही वेगळा.

पावसाळा हा आपल्याकडचा खरा शत्रू. बंदूक गवसणीत घालून ठेवू नका. कापड आणि चामडं ओल धरतं आणि आठ दिवसांत नळीवर तांबूस थर येतो. नळी आतून कोरडी पुसून तेलाचा पातळ हात द्या आणि तोंड खाली करून उभी ठेवा, नाहीतर तेल दस्त्याच्या लाकडात मुरून ते मऊ पडतं. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात ठेवली की पितळेला हिरवा गंज चढतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जुनी कागदी काडतुसं ओलीने फुगतात आणि खोलीत अर्धी जाऊन अडकतात. चाप ओढूनही बार झाला नाही, तर तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबा, मगच उघडा. उशिरा पेटणारं काडतूस उघड्या बंदुकीत फुटलं तर तोंडावर येतं.

बंदूक रिकामी, भिंतीत पक्क्या बसवलेल्या कपाटात. काडतुसं वेगळ्या कुलपात, बिछान्याजवळच्या छोट्या नंबरवाल्या पेटीत चालतील. उशीखाली भरलेलं हत्यार ठेवणं हा मुलांच्या जिवाशी खेळ आहे. घरात कुणी दारूच्या आहारी गेलं असेल, कर्जाने किंवा आजाराने खचलं असेल, तर हत्यार घरात ठेवूच नका. परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. चोर वर्षानुवर्षे येणार नाही, पण तो माणूस रोज त्याच घरात आहे.

परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो, पोलिसांच्या अहवालानंतर. वय किमान २१. कायद्याने २० इंच किंवा जास्त लांब नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठी रक्षण हे कारण मानलेलं आहे, रिव्हॉल्वरसाठी मात्र सबळ कारण दाखवावं लागतं. दुनळी सुचवण्यामागे हेही एक कारण. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ५ वर्षं आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन हत्यारं.

कायदा कुठवर पाठीशी आहे, ते नीट समजून घ्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ प्रमाणे जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदयादरम्यानची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा मृत्यूची वा गंभीर दुखापतीची रास्त भीती निर्माण करणारी चोरी, अशा वेळी मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. पण कलम ३७ सांगतं, गरजेपेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. विहिरीवरची मोटार, केबल किंवा गोठ्यातली म्हैस घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही उभे राहाल.

म्हणून रात्रीची रीत अशी असावी. एक पक्की खोली ठरवा, आवाज आला की सगळे तिथे. आधी डोकी मोजा. रात्री उशिरा घरी येणारा मुलगा किंवा पाणी पाजायला उठलेला गडी बाहेर नाही ना, ते बघा. आतून कडी, ११२ ला फोन, पत्ता गट नंबरासकट सांगा. मग बॅटरीचा झोत दाराकडे टाकून मोठ्याने ओरडा, “पोलीस येतायत, बंदूक आहे!” बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. बोट चापाबाहेर. दार फोडून कुणी आत आलाच, आणि तो कोण आहे हे उजेडात दिसलं, तरच पुढचं. बार झाला तर बंदूक रिकामी करा, जमिनीवर ठेवा, जागा हलवू नका, जखमीसाठी अ‍ॅम्ब्युलन्सही मागवा.

पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की हत्यार घरात कोंडून बाहेर पडू नका. २०१९ च्या पुरासारखं पाणी कपाटात शिरलं तर काडतुसं टाकाऊ होतात आणि बंद घरातून बंदूक चोरीला गेली तर जबाब तुम्हालाच द्यावा लागतो. वेळीच पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करा. निवडणुकीच्या काळात जमा करण्याचा आदेश आला तरी हेच. दोन्ही वेळी पावतीवर हत्याराचा नंबर, काडतुसांची संख्या आणि नळीची अवस्था लिहून घ्या, आणि परत घेताना तिथेच उघडून नळी उजेडाकडे धरून बघा.