पेस्टलचा ‘इम्पोर्टेड’ कागद आणि माझे ३६०० रुपये

शेरूचं नाक रंगवताना मला कळलं, की कागद खोटा आहे.

शेरू म्हणजे पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीचा काळा गावठी कुत्रा. जूनमध्ये तो गेला. तळमजल्यावरच्या काकूंनी त्याचा फोटो आणून दिला आणि म्हणाल्या, “डोळे तेवढे त्याचेच आले पाहिजेत गं.” त्यामुळे या चित्रासाठी कागद चांगलाच घ्यायचा, असं मी ठरवलं होतं.

पेस्टलने, म्हणजे खडूसारख्या कोरड्या रंगांनी, प्राण्याची लव रंगवायची तर कागदाने थर धरायला हवेत. खाली गडद निळा, त्यावर तपकिरी, मग राखाडी आणि शेवटी टोकदार पेस्टल पेन्सिलीने एकेक केस. साध्या ड्रॉइंग पेपरचा पोत दोन-तीन थरांतच भरतो आणि पुढचा रंग नुसता घसरत राहतो. कॅन्सन कंपनीचा ‘मी-तेंत’ हा १६० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाचा) कागद बरा चालतो, पण त्याच्या एका बाजूला मधाच्या पोळ्यासारखी नक्षी असते, ती लवेतून डोकावते. म्हणून मी त्याची उलटी, बारीक दाण्याची बाजू वापरते. ‘पेस्टलमॅट’ हा खास पेस्टलसाठीचा कागद ३६० जीएसएमचा, वर सेल्युलोजच्या तंतूंचा लेप असलेला. तो थरावर थर झेलतो. किंमतही तशीच असते.

चित्रकारांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने हाच कागद ३०० रुपयांना एक, असा टाकला होता. २४ बाय ३० सेंटिमीटर, गडद राखाडी. सोबत अस्सल पॅडच्या कव्हरचा फोटो. पॅडमधून सुटे काढलेत म्हणून स्वस्त, असं त्याचं म्हणणं. “ताई, शेवटचा लॉट आहे. पाचपर्यंत पैसे टाका, नाहीतर वाशीचे एक सर घेतायत.” मी बारा कागदांचे ३६०० रुपये यूपीआयने पाठवले. बिल मागितलं नाही, ही माझी चूक. पार्सल आलं तेव्हा प्रत्येक कागदामध्ये बटर पेपर होता, अगदी अस्सल पॅडमध्ये असतो तसा. तो बघून मी निर्धास्त झाले.

पहिले दोन थर छान बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाकावरची ओलसर चमक दाखवायला काळ्यावर फिकट निळा लावला आणि बोटाने हलकेच पसरवला, तर रंगाबरोबर कागदाचा राखाडी लेपही निघून आला. खाली पांढरा पुठ्ठा. दोन संध्याकाळचं काम आणि शेरूच्या नाकावर नखाएवढं भोक पडल्यासारखा डाग. मला रडूच आलं.

मग कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यावर ओला इअरबड फिरवला. अस्सल पेस्टलमॅट पाणी सोसतो. याचा लेप चिकट होऊन कापसाला लागला. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन केलं. या मापाचा ३६० जीएसएमचा कागद सुमारे २६ ग्रॅम भरायला हवा, हा भरला १७ ग्रॅम. हे दोन मिनिटांचं काम मी आधी केलं असतं तर!

विक्रेत्याला फोटो पाठवले. “ताई, तुम्ही जोरात घासलं असेल. वापरलेला माल परत घेत नाही.” काट्याचा फोटो पाठवल्यावर त्याने मला ब्लॉकच केलं. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, व्यवहाराचा क्रमांक दिला. पैसे अजून आलेले नाहीत. तुमच्या बाबतीत असं झालं तर माझ्यासारखे चार दिवस त्याच्या उत्तराची वाट बघण्यात घालवू नका, त्याच दिवशी फोन लावा. आणि सुटा कागद घ्यायचाच असेल, तर पैसे देण्याआधी एक कागद काट्यावर ठेवून व्हिडिओ पाठवायला सांगा. खरा विकणारा का नाही म्हणेल?

शेरू मी पुन्हा रंगवला, मी-तेंतच्या बारीक बाजूवर. थर कमी घेतले, पण डोळे नीट आले. त्या बारापैकी अकरा कागद ठेवून दिलेत. ठाण्यात कुणाला खरा आणि खोटा शेजारी ठेवून बोटाने बघायचा असेल, तर मला सांगा.