सहा आठवड्यांची म्हणून तीन आठवड्यांची कोंबडीची पिल्लं गळ्यात मारली

चार महिने झाले या गोष्टीला, लिहू की नको करत होते कारण यात माझा पण गाढवपणा आहे आणि तो चारचौघात सांगायचा म्हणजे जरा जडच जातं. पण परवा ओळखीतली एक जण म्हणाली की ती पण "डायरेक्ट खुराड्यात सोडायला तयार" अशी पिल्लं घेतेय, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकू.

आधीची एक बॅच मी स्वतः वाढवली होती, अगदी एक दिवसाच्या पिल्लांपासून. पुठ्ठ्याचा मोठा खोका, खाली भुसा, वर बल्ब लटकवलेला. ज्यांनी घरात असा ब्रूडर, म्हणजे पिल्लांना उबेत ठेवायचा खोका, चालवलाय त्यांना माहितीये काय होतं ते, तिसऱ्या आठवड्यानंतर घरभर पिसांची पांढरी धूळ, फ्रीजवर धूळ, टीव्हीवर धूळ, आणि पाण्याच्या भांड्यात दर तासाला भुसा. घरातले सगळे वैतागले होते. त्यामुळे या वेळी ठरवलं की ते सहा आठवडे दुसऱ्या कोणीतरी काढावेत, आपण थोडे जास्त पैसे देऊ आणि पिसं भरलेली पिल्लं आणून सरळ बाहेरच्या खुराड्यात सोडू. आणि नेमकं हेच विकणारा एक जण ऑनलाइन सापडला.

फोनवर माणूस इतका गोड बोलायचा की काय सांगू. "ताई, सहा आठवडे पूर्ण झालेत, बल्ब बंद करून आठवडा झाला, सगळ्या लसी झाल्यात, सगळ्या माद्याच देतो, तुम्ही फक्त सोडा आणि विसरून जा." फोटो पाठवला, वरून काढलेला, निळ्या बादलीशेजारी दहाबारा पिल्लं, छान पिसं आलेली, त्यातल्या एकाचा तुरा जरा वाकडा. बारा पिल्लं सांगितली, सोबत तयार खुराडं पण घ्या म्हणाला, ते पण घेतलं, आणि पैसे सगळे आधीच पाठवले. हो, सगळे. आता हसा.

पिल्लं आली ती अंधार पडल्यावर. सकाळी येणार होती, मग दुपारी, मग "गाडी अडकली ताई". आता वाटतं ते पण ठरवूनच असणार, कारण टॉर्चच्या उजेडात खोक्यातलं पिल्लू दिसतं तरी किती. तरी मला डोक्यावर लव दिसली, अगदी पिवळी मऊ, आणि मानेवर पण. लगेच फोन केला तर म्हणतो, "डोक्यावरची लव सगळ्यात शेवटी जाते ताई, ही जात तर जरा उशिराच पिसं धरते."

आता यातली मेख बघा, पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे. पिल्लाला पिसं एकदम येत नाहीत. पहिल्याच आठवड्यात पंखाची टोकं फुटतात, मग शेपटी, मग खांदे आणि छाती, पाठ, आणि डोकं न् मान सगळ्यात शेवटी, साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात. हे मला माहीत होतं, आधीच्या बॅचमध्ये बघितलेलं, म्हणून तर पटलं. खोट्यात थोडं खरं मिसळलं की ते घशाखाली सहज उतरतं. माझं फक्त एक करायचं राहून गेलं, पिल्लू हातात घेऊन पंख उघडून बघायचं. तीन आठवड्यांचं पिल्लू पंख मिटून बसलं की वरून जवळपास पिसं भरल्यासारखंच दिसतं, पंख पाठ झाकून टाकतात ना. पंख उचलला की खाली बगलेत आणि पोटाला नुसती लव, कुठे कुठे उघडी कातडी.

त्या रात्री बाहेर १४ अंश होतं. थर्मामीटर खुराड्यातच लावला होता मी, मोठ्या हौसेने. आता हिशोब करा, ब्रूडरमध्ये पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंशाच्या आसपास ठेवतात आणि मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जातात, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात २९ लागतं आणि सहाव्यापर्यंत २०-२१ वर येतं. सहा आठवड्यांची, पूर्ण पिसांची, सवय झालेली बारा पिल्लं १४ मध्ये कोरड्या, वारा न लागणाऱ्या खुराड्यात एकमेकांना चिकटून रात्र काढू शकतात. मी ठेवली होती २९ लागणारी. बरं ती आदल्या रात्रीपर्यंत बल्बखालीच असणार, "बल्ब बंद करून आठवडा" वगैरे सगळं तोंडाच्या वाफा.

रात्री खूप ओरडत होती. ब्रूडर चालवणाऱ्याला हा आवाज कळायला पाहिजे, थंडी वाजत असली की पिल्लं एका पट्टीत, मोठ्याने, न थांबता चिवचिवतात, समाधानी पिल्लांचं कसं हळू हळू टिवटिव चालतं तसं नाही. मी ऐकलं आणि म्हटलं नवीन जागा आहे, गाडीने दमलीत, होतील गप्प. एक-दीडच्या सुमारास झाली गप्प. मी पण झोपले, बरं वाटून.

सकाळी कोपऱ्यात ढीग होता. एकावर एक, सगळी त्या एकाच कोपऱ्यात. खालची तीन दबून मेलेली, चपटी, भुसा त्यांच्या खाली ओला. चौथं श्वास घेत होतं, ते दुपारी गेलं. थंडीने मरतात असं आपण म्हणतो पण बरीचशी अशीच मरतात, ऊब शोधायला एकमेकांच्या खाली घुसतात आणि खालचं गुदमरतं. उरलेली आठ ओढणीत गुंडाळून आत आणली, माळ्यावरून जुना खोका काढला, बल्ब लावला, आणि ती जी सगळी बल्बखाली येऊन आडवी पडली ना एकदम, पाय पसरून, तेव्हाच मला कळलं की काहीतरी भलतंच झालंय.

ओळखीतले एक काका आहेत, आयुष्य पोल्ट्रीत गेलंय त्यांचं. त्यांनी एक पिल्लू उचललं, पंख पसरला, पोटाकडून फुंकर मारली, लव बाजूला झाली, खाली कातडी. शेपटी बघितली, बोटाच्या पेराएवढी. म्हणाले, "सहा आठवडे कुठले, तीन पण धड झाले नाहीत." मग मी विचारलं कोणी असं का करेल, पिल्लू तेच ना. तर म्हणाले पिल्लाचा भाव वयावर असतो बाई, दर आठवड्याला त्याने खाल्लेलं खाद्य, जळलेली वीज आणि मधे मेलेली पिल्लं हे सगळं त्या भावात येतं, आणि पिल्लं मरतात ती जास्त सुरुवातीलाच. याने तीन आठवड्यांत हात झटकले आणि सहाचे पैसे घेतले, उरलेले तीन आठवडे तुझ्या वीजबिलावर.

विकणाऱ्याला फोन केला. आधी म्हणाला खुराड्याचं दार नीट लावलं नसेल. मग म्हणाला तुमच्याकडचाच काही रोग असेल. फोटो पाठवले, पंख उघडून काढलेले, तर म्हणे "ताई मी बघतो, दुसरी देतो", आणि दुसऱ्या दिवसापासून नंबर ब्लॉक.

लसींचं पण तसंच. "सगळ्या लसी" असं कोणी म्हणालं की तिथेच थांबवा आणि विचारा कुठली, कधी. मरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस अंड्यातून निघाल्यावर पहिल्याच दिवशी देतात, मोठी हॅचरी (अंडी उबवायची जागा) असेल तर अंड्यातच. रानीखेत रोगाची पहिली लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून, गंबोरोची दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि देवीची सहसा सहा आठवड्यांच्या पुढेच. म्हणजे सहा आठवड्यांच्या पिल्लाच्या "सगळ्या" लसी झालेल्याच नसतात! ज्याने खरंच दिल्यात तो वहीत बघून तारखा सांगतो. याने मला वर असंही सांगितलेलं की लस झालीय त्यामुळे हगवण लागणार नाही. दहा दिवसांनी दोन पिल्लं पिसं फुगवून कोपऱ्यात, विष्ठेत रक्त. रक्ती हगवण, कॉक्सिडिओसिस, ती आतड्यातल्या परजीवीमुळे होते, रानीखेतच्या लसीचा तिच्याशी काही संबंधच नाही, आणि ओला भुसा मिळाला की तो परजीवी वाढतोच. डॉक्टरांनी पाण्यातून अँप्रोलियम दिलं आणि मी जे हौसेने व्हिटॅमिनचं औषध चालू केलं होतं ते बंद करायला लावलं, कारण अँप्रोलियम काम करतं ते त्या परजीवीला बी-१ व्हिटॅमिन मिळू न देता, वरून आपणच बी-१ ओतलं तर औषध वाया. एक गेलं तरी. सात राहिली.

खुराड्याबद्दल थोडक्यात सांगते, "एकदम सेफ" म्हणून दिलेल्या त्या डब्याला षटकोनी भोकांची पातळ जाळी होती. ती जाळी कोंबडी आत ठेवते, बाहेरचं जनावर बाहेर ठेवत नाही, मांजराचा पंजा आत जातो, घूस कुरतडते. सगळी काढून अर्ध्या इंची वेल्डेड जाळी ठोकली आणि बाहेरच्या कडेने फूटभर जमिनीत पुरली. वरची हवेची फट तेवढी उघडी ठेवली, कारण अंगाला वारा लागू नये पण वरून दमट हवा जायला हवी.

मजा म्हणजे खरं वय शेवटी पिल्लांनीच सांगितलं. मी रोज फोटो काढत गेले. डोक्यावरची लव पूर्ण जायला माझ्याकडे आल्यापासून साडेतीन आठवडे लागले. त्याच सुमाराला चार जणांचे तुरे लाल व्हायला लागले. सातपैकी चार कोंबडे! "सगळ्या माद्या". एकाने तर नंतर पहाटे पहिलं बेसूर आरवून दाखवलं आणि मला हसावं की रडावं कळेना.

मग बाहेर न्यायचं नीट केलं. पिसं भरल्यावर आधी आठवडाभर उन्हात दिवसाचे दोन-तीन तास, मग दिवसभर, रात्री आत. बल्ब आधी दिवसा बंद, मग रात्री पण. मग तीन रात्री बरी ऊब होती तेव्हा मुक्कामाला खुराड्यात, आणि चार-पाच दिवस तिथून बाहेरच काढलं नाही म्हणजे घर कुठलं ते डोक्यात बसावं. पहिल्या रात्री दोनदा उठून टॉर्च मारला. ढीग नव्हता, ओळीने बसलेली.

आता कोणी घेणार असाल तर दिवसा जा, स्वतः जा, आणि न कळवता गेलात तर अजून बरं, बल्ब चालू आहे का बघा. जाणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर एकेकाचा पंख उघडून पोट दाखवायला सांगा, अंड्यातून निघाल्याची तारीख मेसेजमध्ये लिहून घ्या, सगळे पैसे आधी देऊ नका. आणि पिल्लं घरी आली की वय काहीही सांगितलेलं असो, पहिली रात्र आतच, बल्ब जवळ ठेवून, ती बल्बकडे धावतात की लांब जाऊन बसतात ते बघा.

कालच त्या माणसाची जाहिरात परत दिसली, दुसऱ्या नावाने. तीच निळी बादली, तोच वाकडा तुरा. खाली लिहिलंय, वय सहा आठवडे.