जर्मनीत घरचं इंटरनेट: १००० चं केबल सोडून १०० चं डीएसएल घेतलं, वर्षानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, पाल्हाळ नंतर. आमच्याकडे १००० एमबीपीएसचं केबल इंटरनेट होतं, ते सोडून १०० एमबीपीएसचं डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणारं नेट, घेतलं, त्याला आता वर्ष उलटून गेलं, आणि टीव्ही मधेच अडकतो ही रोजची कटकट जवळपास संपलीये. ज्याला सांगितलं त्याने वेड्यात काढलं, हजारावरून शंभरावर कोण येतं म्हणे. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, खास करून जे आत्ता जर्मनीत नवीन आलेत आणि चेक२४ नाहीतर वेरिवॉक्स या दर-तुलनेच्या साइट उघडून सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात कमी पैशात शोधतायत त्यांच्यासाठी.

आमचं घर दक्षिण जर्मनीत, जुनी इमारत, दुसरा मजला, भिंती किल्ल्यासारख्या. माझं आठवड्यातले काही दिवस घरून काम, नवऱ्याचं क्रिकेट, मुलीचं यूट्यूब, आणि उन्हाळ्यात सासूबाई तीन महिने येतात तेव्हा झी फाइव्हवर मराठी मालिका, त्यात एकही भाग चुकलेला चालत नाही. गंमत म्हणजे लाइव्ह क्रिकेटचा त्रास केबलवर तसा कमी होता, कारण भारतातली संध्याकाळी साडेसातची मॅच उन्हाळ्यात इथे दुपारी चारला सुरू होते, तेव्हा अर्धी इमारत ऑफिसात. खरा घोळ रात्री जेवणं झाल्यावर. इथला टीव्हीचा प्राइम टाइम सव्वाआठला लागतो, ८:१५ म्हणजे ८:१५, अख्खा देश सोफ्यावर, आणि नेमकं तेव्हाच आमच्या मालिकेतल्या सुनेचा चेहरा चौकोन चौकोन होऊन थिजायचा.

आता हे का होतं ते समजून घ्या, कारण इथेच सगळी मेख आहे. केबल इंटरनेट म्हणजे जुन्या केबल टीव्हीचीच जाड तार, आणि ती एकट्या तुमच्या घराची नसते, आजूबाजूच्या बऱ्याच घरांची मिळून एक शाखा असते आणि तिच्यावर जेवढी क्षमता आहे ती सगळ्यांत वाटली जाते. सोसायटीच्या टाकीचं पाणी जसं, सकाळी सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वरच्या मजल्यावर धार बारीक. दिवसा ९०० दिसतात, रात्री कधी १५० तर कधी ३०. आता ३० सुद्धा पुरायला हवेत, नेटफ्लिक्स स्वतः फोरकेसाठी १५ आणि फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस सांगतं. पण गर्दी झाली की नुसता वेग कमी होत नाही, डेटा झटक्याझटक्याने येतो, मधेच दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग एकदम लोंढा. रेकॉर्डेड गोष्टींत प्लेअर पुढचं भरपूर भरून ठेवतो म्हणून तिथे बऱ्याचदा नुसतं चित्र धुरकट होऊन निभावतं, लाइव्हमध्ये साठा अगदी थोडा असतो आणि व्हिडिओ कॉलमध्ये तर जवळपास नसतोच.

त्यातून केबलची परतीची बाजू, म्हणजे अपलोड, ही मुळातच अरुंद. १००० च्या प्लॅनला अपलोड ५०, आणि तो ज्या फ्रिक्वेन्सीवर चालतो तो पट्टा बहुतेक ठिकाणी ५ ते ६५ मेगाहर्ट्झ एवढाच, तोही शाखेतल्या सगळ्यांत वाटलेला. एखाद्या घरातल्या खराब सॉकेटने किंवा स्वस्त अँप्लिफायरने त्यात विजेचा गोंगाट (नॉइज) सोडला की सगळ्यांचा अपलोड बोंबलतो, याला इथे रुक्वेगश्टोरर म्हणतात, आणि तो कुणाच्या घरात आहे हे शोधायला टेकनिकर दारोदार फिरतात. तुम्ही म्हणाल स्ट्रीमिंगला अपलोडचं काय काम. तर प्रत्येक तुकडा आला की तुमच्या टीव्हीने उलट पोच द्यावी लागते, ती अडकली की पुढचं येणं मंदावतं.

कस्टमर केअरला फोन केला की ठरलेलं उत्तर, स्पीडटेस्ट करा. स्पीडटेस्ट बऱ्याचदा छान यायची. यायचीच, कारण ती जवळच्या सर्व्हरशी बोलते, एकदम अनेक कनेक्शनं उघडून बोलते आणि दहा-पंधरा सेकंदात आटपते, त्यात ते दोन सेकंदांचे खड्डे दिसतच नाहीत. राउटर रिस्टार्ट करा, मग नवीन राउटर पाठवतो, मग मोडेम आमच्याकडून नीट दिसतंय. कंपनीचं नाव घेत नाही, त्यात अर्थही नाही, कारण हे तुमच्या शाखेत किती घरं आहेत यावर ठरतं. माझी मैत्रीण त्याच शहरात दुसऱ्या भागात राहते, तिचं केबल रात्री अकराला पण ८०० देतं आणि ती या सगळ्यावर हसते.

शेवटी नवऱ्याने जे केलं ते तुम्हीही प्रोव्हायडर बदलायच्या आधी करा, फुकट आहे. लॅपटॉपवर दोन काळ्या खिडक्या उघडायच्या, एकीत राउटरला सतत पिंग लावायचं, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजायचं, फ्रिट्झबॉक्स हा इथला नेहमीचा राउटर असेल तर पत्ता १९२.१६८.१७८.१, दुसरीत बाहेर गूगलच्या ८.८.८.८ ला. आणि मग रात्री मालिका लावायची. अडकल्याबरोबर बघायचं. राउटरचंच पिंग उडत असेल तर दोष तुमच्या वाय-फायचा, प्रोव्हायडरला शिव्या घालून उपयोग नाही. राउटरचं एक-दोन मिलिसेकंदावर स्थिर आणि बाहेरचं २० वरून २०० वर, मधेच उत्तरच नाही, तर दोष लाइनचा. आमच्याकडे दुसरं निघालं, आणि दुपारी तेच आकडे शांत, रात्री आठ ते साडेदहा नाचतायत. एवढ्यावरून निर्णय झाला.

डीएसएलचं गणित वेगळं. रस्त्याच्या कोपऱ्यावर तो करडा डबा असतो ना, तिथपर्यंत फायबर येतं आणि तिथून घरापर्यंत तांब्याची तार, पण ती तार फक्त तुमची. डब्यापासून घर जितकं लांब तितका वेग कमी, त्यामुळे २५० वाला प्लॅन डबा अगदी जवळ असेल तरच घ्या, आणि आमच्या पत्त्यावर १०० पक्का मिळेल असं दिसत होतं. तार बहुतेक ठिकाणी डॉइचे टेलिकॉमची, वनउंडवन, ओटू वगैरे त्याच तारेवर आपापला प्लॅन विकतात, म्हणजे तारेचा दर्जा तोच, पुढचं जाळं आणि कस्टमर केअर ज्याचं त्याचं. कुठलाही प्लॅन घ्यायच्या आधी त्याचा एक पानी माहितीचा कागद बघायचा, प्रोडुक्टइन्फोर्मात्सिओन्सब्लाट, हे नाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही. २०१७ पासून तो देणं सक्तीचं आहे आणि त्यात तीन आकडे असतात, कमाल, नेहमी मिळणारा आणि किमान. जाहिरातीत फक्त पहिला असतो. आमच्या १०० च्या प्लॅनला नेहमीचा ८३.८ आणि किमान ५४, अपलोड कमाल ४०. प्रत्यक्षात राउटर ९० च्या वर सिंक, म्हणजे तारेवर जुळलेला वेग, दाखवतो आणि तो आकडा रात्री आठला, रविवारी पावसात, ख्रिसमसला सारखाच. पुढच्या जाळ्यात गर्दी डीएसएललाही होऊ शकते, नाही असं नाही, पण आमच्या घराला आतापर्यंत ती जाणवलेली नाही.

आणि १०० कमी पडतात का? तीन ठिकाणी एकदम व्हिडिओ चालू, त्यात माझा ऑफिसचा कॉल, तरी नाही. एक गोष्ट कुणी सांगत नाही, बऱ्याच स्मार्ट टीव्हींचं लॅनचं पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं, म्हणजे लॅनच्या वायरने जोडलात तर हजारातले नऊशे टीव्हीपर्यंत पोचतच नाहीत. कमी पडतं ते मुलीचा गेम डाउनलोड होताना, ८०-९० जीबीचं काही असलं की दोन-अडीच तास बसा. आणि ते चालू असताना टीव्ही हळू होऊ नये म्हणून फ्रिट्झबॉक्समध्ये टीव्हीला प्राधान्य देऊन ठेवलंय.

राउटर स्वतःचा घ्या. १ ऑगस्ट २०१६ पासून इथे राउटर निवडायचा हक्क ग्राहकाचा आहे, कंपनीचा भाड्याने घ्यायची सक्ती नाही, महिन्याला पाच-सहा युरो भाडं धरलं तर दोन-तीन वर्षांत स्वतःचा फिटतो आणि तोच पुढच्या कनेक्शनला चालू शकतो. फक्त डीएसएलचा मॉडेल वेगळा आणि केबलचा वेगळा हे बघून घ्या. वाय-फायसाठी या जाड भिंतींत मेश रिपीटर लागलाच, पण टीव्हीला सरळ लॅनची वायर टाकली, दाराच्या चौकटीवरून चपटी वायर, दिसायला विशेष नाही पण चालतेय. विजेच्या सॉकेटमधून नेट नेणारं पॉवरलाइन लावून बघितलं होतं, ते डीएसएलच्याच फ्रिक्वेन्सीत गडबड करतं, राउटरच्या डीएसएल माहितीच्या पानावर सीआरसी एरर, म्हणजे डेटा बिघडून आल्याच्या नोंदी, धडाधड वाढायला लागल्या, काढून टाकलं, थांबल्या. डीएसएल घेणाऱ्यांनी ते खूळ नकोच.

भारताशी व्हिडिओ कॉल हा मात्र वेगळा विषय. मालिका नाहीतर सिनेमा बहुतेक वेळा युरोपातल्याच सर्व्हरवरून येतो, फ्रँकफर्टला डी-सिक्स (DE-CIX) म्हणून जगातल्या सगळ्यात मोठ्या इंटरनेट एक्स्चेंजपैकी, म्हणजे वेगवेगळी जाळी जिथे एकमेकांना जोडली जातात त्या ठिकाणांपैकी, एक आहे, तिथून तो तुमच्या प्रोव्हायडरकडे. कॉलवरचं आईचं बोलणं मात्र खरंच समुद्राखालून येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ लाल समुद्रात सी-मी-वी-४ आणि आयएमईडब्ल्यूई या दोन केबल्स तुटल्या, दोन्ही मुंबईला येणाऱ्या, तेव्हा पुण्याला फोन लावला की बोलणं एकमेकांवर आदळत होतं आणि आमच्या ग्रुपवर जो तो आपापल्या प्रोव्हायडरला झोडपत होता. नेटफ्लिक्स लावून बघा, ते नीट चालत असेल आणि फक्त भारत अडकत असेल तर तुमच्या घरच्या लाइनचा बहुधा काही संबंध नाही. तसंच भारतातलं सबस्क्रिप्शन इथे चालत नाही म्हणून नेट बदलू नका, हक्क देशागणिक विकलेले असतात, आणि व्हीपीएन लावलात की आधीच लांबचा रस्ता आणखी लांब होतो.

कायद्याचं थोडं. १ डिसेंबर २०२१ पासून नियम ग्राहकाच्या बाजूने बरेच सुधारलेत. पहिलं काँट्रॅक्ट जास्तीत जास्त २४ महिन्यांचं, ते संपलं की कधीही एका महिन्याच्या नोटिशीवर सुटता येतं, आपोआप वर्षभर वाढत नाही. लाइन बंद पडली आणि तक्रारीनंतर दोन दिवसांत नीट झाली नाही तर तिसऱ्या दिवसापासून दिवसाला किमान ५ युरो, पाचव्यापासून किमान १०, आणि टेकनिकर ठरलेल्या वेळी आला नाही तरी किमान १०. सांगितलेला वेग मिळत नसेल तर बुंडेसनेट्सआगेंटूर या सरकारी नियामक संस्थेचं ब्राइटबांडमेसुंग नावाचं अ‍ॅप कॉम्प्युटरवर टाकायचं, लॅनची वायर लावून तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून ३० मोजण्या करायच्या आणि तो प्रोटोकॉल, म्हणजे मोजणीचा अहवाल, कंपनीला पाठवायचा, की महिन्याचे पैसे कमी करून मागता येतात किंवा सरळ बाहेर पडता येतं. दिवसाच्या पाचव्या आणि सहाव्या मोजणीत किमान तीन तास जावे लागतात, म्हणजे पाच मोजण्या बरोब्बर रात्रीच्या गर्दीत पडतील अशा ठेवता येतात. आम्ही ते केलं, बिलातले काही युरो उतरले, पण मालिका अडकायची ती अडकतच राहिली, कारण ते अ‍ॅप वेग मोजतं, झटके मोजत नाही.

पैशाचं म्हणाल तर फरक नगण्य. दोन्हीकडे पहिले काही महिने वीस युरोच्या आसपास आणि मग चाळीस ते पन्नासच्या मधे कुठेतरी, तेव्हा तुलना करताना २४ महिन्यांची बेरीज करून बघा, पहिल्या महिन्याचा आकडा नाही.

केबल कुणी घ्यावं? ज्यांच्या पत्त्यावर डीएसएल १६ किंवा ५० च्या पुढे जात नाही त्यांनी, आणि ज्यांना शेजारचे रात्री साडेआठचं पिंग दाखवायला तयार आहेत त्यांनी. खरंच विचारा शेजाऱ्यांना, जिन्यात भेटल्यावर हालोच्या पुढे बोलायला एक विषय मिळतो. घरापर्यंत खरं ग्लासफायबर येत असेल तर मात्र हे सगळं वाचून विसरून जा आणि ते घ्या, फक्त ते घरात येतंय की कोपऱ्यावरच्या डब्यापर्यंतच हे लेखी विचारा, जाहिरातीत कधीकधी दोन्हीला फायबरच म्हणतात. आमच्या रस्त्यावर गेल्या वर्षी खणून केशरी पाइप टाकून झालेत, घरमालकाची सही अडलीये. कनेक्शनचा करार दारात येऊन सही मागणाऱ्या सेल्समनकडे करू नका, ऑनलाइन करा. सही केलीच असेल तर घाबरू नका, १४ दिवसांत रद्द करता येतं.

बदलताना एक काम करा. डीएसएलवरून डीएसएलवर जाताना जुनं बंद करायचं काम नव्या कंपनीवर सोपवा, मधे एका कामाच्या दिवसापेक्षा जास्त नेट बंद राहू नये असा नियम आहे. केबलवरून डीएसएलवर येताना तारच वेगळी, त्यामुळे आम्ही दोन-तीन आठवडे दोन्ही चालू ठेवली, तेवढे जास्तीचे पैसे गेले पण नवीन लाइन रात्रीची तपासून घेता आली. जुनं रद्द करायला वेबसाइटवर बटण असायलाच हवं, जुलै २०२२ पासून सक्तीचं आहे, कुठेतरी खाली बारीक अक्षरात सापडेल. आणि कंपनीचा राउटर परत पाठवताना पार्सलची पावती फेकू नका, पोचलाच नाही म्हणून बिल आल्याचे किस्से इथे बरेच ऐकलेत, माझी पावती अजून फाइलला लावलेली आहे.